दिवाळीला गावी गेलं की धावणं आणि योग का सुटतो? चार दिवसांत खरंच किती नुकसान होतं?

पहाटे पाचचा गजर होतो. हॉलमध्ये ओळीनं अंथरुणं पडलेली असतात. एकीकडे मामा घोरत असतात, दुसरीकडे रात्री दोनपर्यंत पत्ते कुटलेली भावंडं झोपलेली असतात. बूट बॅगेत, बॅग कपाटावर आणि कपाट ज्या खोलीत आहे तिथं काका-काकू. अंधारात चाचपडत दाराची कडी काढली, तर ती नेमकी खण्णकन वाजते. आतून आजीचा आवाज येतो, "कोण रे? एवढ्या पहाटेचं कुठं निघालास?"

झालं. माणूस परत येऊन अंथरुणात शिरतो. "उद्या बघू."

तो उद्या काही येत नाही. वसुबारसेला बॅगेत गेलेले बूट भाऊबीजेनंतर तसेच कोरे करकरीत परत येतात. शहरात आल्यावर अंग जड वाटतं, शिवाय ऑफिसात साठलेलं काम असतं. मग "सोमवारपासून सुरू करू" असं ठरतं आणि त्या सोमवारचे तीन सोमवार होतात.

ज्यांनी जानेवारीतल्या टाटा मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेलं असतं, त्यांच्यासाठी हे दुखणं आणखी मोठं. ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. लक्ष्मीपूजन येतं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी. म्हणजे दिवाळी आणि शर्यत यांच्यात साधारण ९ ते १४ आठवड्यांचं अंतर असतं. पूर्ण मॅरेथॉनची तयारी १६ ते २० आठवडे चालते, त्यामुळे दिवाळी बरोबर तयारीच्या मध्यावर येते. ती टाळता येत नाही आणि बहुतेकांना टाळायचीही नसते.

मग प्रश्न उरतो तो हा, की चार-सहा दिवसांत खरंच किती बिघडतं? आणि माणसांनी भरलेल्या घरात, कुणाला त्रास न देता, धावणं आणि योग टिकवायचा कसा?

एका आठवड्यात किती नुकसान होतं?

थोडक्यात सांगायचं तर, वाटतं त्यापेक्षा बरंच कमी.

धावणाऱ्याची ताकद मोजण्याचं एक प्रचलित माप म्हणजे व्हीओटू मॅक्स. पूर्ण जोर लावल्यावर शरीर एका मिनिटात किती ऑक्सिजन वापरू शकतं, याचा तो आकडा. अनेक घड्याळं आता त्याचा अंदाज दाखवतात, त्यामुळे हा शब्द ओळखीचा झाला आहे.

अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित कसून व्यायाम करणाऱ्या सात जणांचा सराव त्यांनी ८४ दिवस पूर्ण बंद ठेवला. पहिल्या २१ दिवसांत त्यांचं व्हीओटू मॅक्स सुमारे ७ टक्क्यांनी घसरलं. ५६ दिवसांपर्यंत ही घसरण साधारण १६ टक्क्यांवर पोहोचली आणि मग थांबली.

म्हणजे तीन आठवडे काहीच केलं नाही तेव्हा कुठं ७ टक्के. दिवाळीची सुट्टी त्याच्या जेमतेम एक तृतीयांश असते.

तरीही चार दिवसांनंतर धावताना धाप का लागते? सराव थांबला की सगळ्यात आधी कमी होतो तो रक्तातल्या द्रवाचा भाग. नियमित धावणाऱ्याच्या शरीरात रक्ताचं प्रमाण थोडं जास्त असतं. काही दिवसांच्या खंडानं ते खाली यायला लागतं, मग प्रत्येक ठोक्याला हृदय थोडं कमी रक्त पुढं ढकलतं आणि तेच काम करायला त्याला जास्त ठोके द्यावे लागतात. त्यात जागरण आणि जड जेवण आलं की परतल्यावरची पहिली धाव हमखास नकोशी होते. पण जे चटकन जातं ते सराव सुरू झाल्यावर चटकन परतही येतं. पहिल्या दिवशी धाप लागली म्हणजे तीन महिन्यांची मेहनत वाया गेली, असं नसतं.

कमी करून भागतं का?

भागतं. फक्त काय कमी करायचं आणि काय नाही, हे कळायला हवं.

या प्रश्नावर रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केलेले प्रयोग आजही सांगितले जातात. त्यांनी काही जणांकडून १० आठवडे, आठवड्याचे ६ दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. त्यानंतर पुढचे १५ आठवडे एकेक गोष्ट कमी करून पाहिली.

आधी दिवस कमी केले. सहाऐवजी चार किंवा फक्त दोन. व्हीओटू मॅक्स टिकून राहिलं.

दुसऱ्या प्रयोगात वेळ कमी केला. ४० मिनिटांऐवजी २६ किंवा फक्त १३ मिनिटं. तरीही व्हीओटू मॅक्स टिकलं. १३ मिनिटांच्या गटात दीर्घकाळ दम टिकवण्याची क्षमता मात्र सुमारे १० टक्क्यांनी घटली.

तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि वेळ तेच ठेवले, पण जोर कमी केला. इथं मात्र घसरण झाली.

सुट्टीतल्या धावण्याचा सगळा हिशोब या तीन प्रयोगांत आला. दिवस कमी चालतात आणि मिनिटंही कमी चालतात. जे काही कराल त्यात थोडा वेळ तरी श्वास फुलला पाहिजे.

म्हणजे आठवड्यात चार-पाच वेळा धावणाऱ्यानं गावी दोन किंवा तीन वेळा, अर्धा-अर्धा तास धावलं तरी पुरतं. त्यातली एखादी धाव अशी ठेवता येते: १० मिनिटं सावकाश, मग एक मिनिट जोरात आणि दीड मिनिट हळू असं सहा वेळा, शेवटी ५ मिनिटं सावकाश. बरोबर ३० मिनिटं होतात. घर जागं होऊन चहाचं आधण चढेपर्यंत माणूस परत.

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना रविवारची लांब धाव अशी अर्ध्या तासात उरकता येत नाही, हे खरं. त्यावर साधा उपाय आहे. बहुतेक वेळापत्रकांत दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा असतो, ज्यात अंतर मुद्दाम कमी ठेवतात. तो आठवडा कॅलेंडर बघून दिवाळीवर आणायचा. लांब धाव निघायच्या आधीच्या रविवारी करायची, पुढची परतल्यावर. मग सुट्टीत कमी धावलं तर ती चुकवलेली तयारी ठरत नाही, ठरवलेली विश्रांती ठरते.

मग गाडी अडते कुठं?

पायांत नाही, सवयीत अडते.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकाच प्रसंगाला जोडून एखादी नवी गोष्ट करायची, उदाहरणार्थ जेवणाआधी थोडं धावणं, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजायचं. सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला अंदाजे २५४ लागणार होते. "२१ दिवसांत सवय लागते" हे समाजमाध्यमांवर फिरणारं वाक्य इथंच गळून पडतं. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नव्हता.

मग दिवाळीत घोटाळा का होतो? कारण सवय ठरावीक जागेला आणि खुणांना चिकटलेली असते. शहरात दाराशी ठेवलेले बूट, सोसायटीचं गेट, कोपऱ्यावरचा दूधवाला, बागेत दिसणारे तेच चेहरे. यातलं एक आलं की पुढचं आपोआप घडतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयी तपासल्या होत्या. व्यायामासारख्या जुन्या सवयी नव्या जागी टिकल्या त्या प्रामुख्यानं तिथं, जिथं भोवतालची परिस्थिती आधीसारखीच राहिली होती.

गावच्या घरात यातली एकही खूण नसते. म्हणून नुसती इच्छाशक्ती पुरत नाही, नव्या खुणा तयार कराव्या लागतात.

त्या फार अवघड नसतात. बूट बॅगेत न भरता प्रवासात पायातच घालायचे, म्हणजे ते घरात शिरताना दाराशीच निघतात. धावायचे कपडे रात्री उशाशी ठेवायचे. गजर फोनच्या आवाजावर न ठेवता घड्याळाच्या किंवा फोनच्या थरथरीवर ठेवायचा. कडी वाजते ती कोणत्या दाराची, हे आदल्या दिवशीच बघून ठेवायचं. मागचं दार अनेकदा जास्त शहाणं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीच सांगून ठेवायचं. "आजी, उद्या पहाटे मी धावायला जाणार आहे, साडेसहाला परत येतो." एवढ्या एका वाक्यानं पहाटेची चौकशी टळते आणि काळजीही.

दिवाळीचं कॅलेंडर काय सांगतं?

दिवाळीचे सगळे दिवस सारखे नसतात. कुठल्या दिवशी धावायचं आणि कुठल्या दिवशी नाही, हे सणच सुचवतो.

ज्या दिवशी प्रवास होतो त्या दिवशी धावण्याचा हट्ट नको. एसटीत किंवा गाडीत सात-आठ तास बसल्यावर कंबर आणि मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतात. संध्याकाळी गावात अर्धा तास पायी फेरी आणि झोपण्यापूर्वी दहा मिनिटं भिंतीला पाय टेकवून पडणं, एवढं त्या दिवशी पुरे.

नरक चतुर्दशीला अख्खं घर पहाटे उठतं. धावणाऱ्याला ही सोय वाटते, पण त्या पहाटेवर हक्क असतो अभ्यंगस्नानाचा. तेल लावायचं, उटणं लावायचं, पहिली आंघोळ सूर्योदयाआधी उरकायची. कोकणात अंगणात कारीट फोडायचं. "पहिली आंघोळ चुकली तर नरकात जाशील" असं म्हणणाऱ्या आजीसमोर व्हीओटू मॅक्सचा मुद्दा टिकत नाही आणि टिकूही नये. हा विश्रांतीचा दिवस धरावा.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेही धावणं टाळलेलं बरं. त्याचं कारण हवेत आहे.

फटाक्यांनंतरची पहाट

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. धावताना हाच आकडा ४०-५० लिटर किंवा त्याहून वर जातो, शिवाय श्वास नाकाऐवजी तोंडानं घेतला जातो. म्हणजे हवेत जे काही असेल ते कितीतरी पटीनं आत जातं.

हिवाळ्याच्या तोंडावर रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. झाकण लावलेल्या भांड्यासारखी स्थिती होते. रात्रीचा धूर वर न जाता खालीच साठून राहतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० या वेळेतच उडवण्याचे आणि कमी प्रदूषण करणारे फटाकेच विकण्याचे निर्देश दिले होते. प्रत्यक्षात आवाज किती वाजेपर्यंत येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर अनेक शहरांचा हवा निर्देशांक दिसतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब आणि त्यापुढं अति खराब, गंभीर अशा पायऱ्या आहेत. आकडा २०० च्या पुढं असेल तर त्या दिवशी बाहेर धावू नये. ज्यांना दमा आहे त्यांनी मध्यम पातळीपासूनच जपावं. लहान गावात मोजणारं यंत्र नसतं. तिथं साधी खूण अशी, की दूरचा डोंगर किंवा पाण्याची टाकी धुरकट दिसत असेल आणि घशात खवखवत असेल, तर बूट परत ठेवावेत. त्या दिवशी घरात योग करावा.

गावात धावायचं कुठं?

"गावात कोण धावतं?" असं शहरात राहणाऱ्यांना वाटतं. पहाटे साडेपाचला गावच्या शाळेच्या मैदानावर जाऊन पाहावं. तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आधीच हजर असतात. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या गावागावांत ही पहाटेची धाव वर्षभर चालू असते. शहरातल्या महागड्या रनिंग ग्रुपपेक्षा ही सोबत काही कमी नाही. जोरात धावण्याचे ते सहा मिनिटांचे तुकडे तर त्यांच्याबरोबरच करावेत. बावीस वर्षांची मुलं पुढं असली की वेग आपोआप वाढतो.

गावच्या रस्त्यांचा इतिहासही लहान नाही. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला माणदेशातली होती.

रस्त्यावर धावायचं असेल तर मात्र काही गोष्टी शहरापेक्षा वेगळ्या असतात.

दिवाळीच्या आसपास उसाचा हंगाम सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्याच्या काही भागांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावावं. फटफटीत उजाडेपर्यंत मुख्य रस्ता टाळावा. अंगात फिक्या रंगाचा टीशर्ट, हातात टॉर्च आणि कानात काहीही नाही.

बांधावरून किंवा पाणंद रस्त्यानं अंधारात धावू नये. कापणीच्या दिवसांत शेतात साप असतात आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

कुत्रा मागं लागला तर थांबावं. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा त्याचा स्वभाव आहे. थांबून, त्याच्याकडे न रोखून बघता, हळूहळू चालत त्याच्या हद्दीबाहेर पडावं. चावलाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट असं काहीही लावू नये.

योगाला जागा किती लागते?

एक सतरंजी मावेल एवढी. म्हणून भरलेल्या घरात धावण्यापेक्षा योग टिकवणं सोपं असतं. गच्ची, ओसरी, पडवी, नाहीतर दोन पलंगांमधली जागाही चालते.

आणि घरातल्या मोठ्यांना ही गोष्ट परकी वाटत नाही. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सत्तरीच्या आजोबांना आजही नमस्कार घालता येतात. नातवानं विचारलं तर ते शिकवायलाही बसतात.

मध्यम गतीनं एका नमस्काराला अर्धा मिनिट धरलं तर बारा नमस्कार सहा मिनिटांत होतात. त्यानंतर धावणाऱ्यांसाठी चार-पाच आसनं पुरेशी असतात: पोटऱ्यांसाठी अधोमुख श्वानासन, मांड्या आणि कंबरेसाठी वीरभद्रासन, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी सुप्त पादांगुष्ठासन, पाठीसाठी पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन. सगळं मिळून वीस मिनिटं.

साहित्य आणलं नाही म्हणून अडायचं कारण नाही. पुण्यात आयुष्य घालवलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, घडी घातलेली चादर यांच्या आधारानं आसनं करण्याची पद्धत जगभर नेली. गावच्या घरात यातलं बहुतेक सगळं असतं. पट्ट्याऐवजी ओढणी किंवा पंचा, बोल्स्टरऐवजी बैठकीचा लोड, मॅटऐवजी सतरंजी. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, तेव्हा तिथं अनवाणी पायांनीच आसनं करावीत.

फक्त पोट रिकामं हवं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास, फराळानंतर दीड-दोन तास थांबावं. दिवाळीत पोट खऱ्या अर्थानं रिकामं असतं ते पहाटेच. जेवणानंतर बसायचं असेल तर वज्रासन चालतं, तेही गुडघे कुरकुरत नसतील तर.

चकली 'जाळण्यासाठी' धावावं का?

नाही. कारण हा हिशोब जमत नाही.

धावताना साधारण एका किलो वजनामागं एका किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर सुमारे ३२५ कॅलरी. तुपाच्या १५ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १३० कॅलरी असतात. म्हणजे पाच किलोमीटरची धाव म्हणजे अडीच चमचे तूप. बेसनाच्या लाडवात तूप किती जातं, हे ज्यानं एकदा तरी बेसन भाजलं आहे त्याला माहीत असतं.

दुसरीकडे, सणाच्या खाण्यानं वजन किती वाढतं याचा अंदाजही फुगलेला असतो. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत तपासली गेली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. अर्धा किलोही नाही. अडचण एवढीच होती, की वाढलेलं ते वजन नंतरच्या महिन्यांतही उतरलं नाही.

म्हणजे ताटातल्या करंजीपेक्षा घरी आणलेल्या डब्याकडे आणि परतल्यावर न सुरू झालेल्या सरावाकडे जास्त लक्ष हवं. आईनं वर्षातून एकदा केलेल्या अनारशाची शिक्षा म्हणून धावणं हा अनारशाचाही अपमान आहे आणि धावण्याचाही.

जागरणाचा हिशोब मात्र करावा. गप्पांत पहाटेचे दोन वाजले असतील तर साडेपाचला उठून जोरात धावू नये. अर्धवट झोपेत पाय मुरगळतो आणि दिवसभर चिडचिड होते ती वेगळी.

हा अर्धा तास नेमका कुणाचा?

या विषयातला अवघड प्रश्न हा आहे आणि तो सहसा विचारला जात नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरची विनामोबदला कामं करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात. अशी कामं करणारे पुरुष देतात ९७ मिनिटं. ही झाली एरवीच्या दिवसांची सरासरी. दिवाळीत, पंधरा माणसांच्या घरात, ही दरी किती रुंदावते ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की दिसतं.

घामानं निथळत सात वाजता परत आलेल्या मुलाला गरम पाणी, चहा आणि पोहे आयते मिळतात. त्याच वेळी पहाटेपासून चकलीचा सोऱ्या दाबणारी त्याची बायको, जी शहरात त्याच्याच बरोबर त्याच शर्यतीची तयारी करते आहे, तिला "मीही जाऊन येते" म्हणायची चोरी असते. "सणासुदीला सूनबाई पॅंट घालून रस्त्यावर धावतेय" हे वाक्य तिला आधीच ऐकू येत असतं.

इथं जबाबदारी नवऱ्यावर येते. सासरी बायकोच्या धावण्याचा विषय त्यानं काढायला हवा, आणि तोही बोलण्यापेक्षा कामातून. एक दिवस तो धावतो, दुसऱ्या दिवशी ती. ज्या दिवशी ती जाते, त्या दिवशी मुलांना उठवणं, चहा करणं आणि शंकरपाळ्या तळणं त्याच्याकडे. घरात "ती का गेली?" या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा कढईसमोर तो उभा दिसणं जास्त काम करतं.

सोबतीनंही वाट सोपी होते. नणंद, जाऊ किंवा कॉलेजात जाणारी पुतणी बरोबर असली की तेच धावणं "पोरी फिरायला गेल्या" या सदरात जातं आणि भुवया उंचावत नाहीत. कपड्यांवरून वाद नको असेल तर सैल कुर्ता आणि ट्रॅकपॅंटमध्येही अर्धा तास नीट धावता येतं. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत धावून शर्यत जिंकल्या. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या होत्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. म्हणजे लोक काय म्हणतात ते कायम तेच राहत नाही.

पुरुषांसाठीही नियम साधाच आहे. आपल्या व्यायामाचं ओझं दुसऱ्या कुणाच्या पाठीवर पडू नये. येताना दूध आणावं, फुलं आणावीत, आंघोळीचं पाणी स्वतः तापवावं. घराला ज्याचा उपयोग होतो, त्या व्यायामाला घर आडकाठी करत नाही.

घरच्यांना सोबत घेता येईल का?

येतं. बऱ्याचदा त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं. मधुमेह असलेल्या काकांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं, पण एकट्यानं जायचा कंटाळा येतो. तीस मिनिटांची धाव संपल्यावर पंधरा मिनिटं त्यांच्याबरोबर चालता येतं. पाडव्याच्या सकाळी गच्चीवर बारा नमस्कारांची स्पर्धा लावली तर लहान मुलं हमखास येतात. एखाद्या मावशीचा गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा साधा व्यायाम तिलाही जमतो.

फक्त शिकवणी घेऊ नये. "तुम्ही हे तळलेलं कसं खाता?" असं म्हणणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही.

परतल्यावर काय करायचं?

खरी परीक्षा दिवाळीत नसते, परतल्यावरच्या पहिल्या तीन दिवसांत असते.

दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे बुडालेले किलोमीटर भरून काढायला पहिल्याच आठवड्यात दुप्पट धावणं. हृदय आणि फुफ्फुसं लवकर ताळ्यावर येतात, पण हाडं, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर इतकी घाई सहन करत नाही. नोव्हेंबरमध्ये नडगी किंवा टाच दुखायला लागली की जानेवारी हातची जाते. बुडालं ते बुडालं, असं म्हणून वेळापत्रकात जो आठवडा आहे तिथूनच पुढं जावं, पहिल्या दोन धावा मुद्दाम सावकाश ठेवून.

दुसरी चूक म्हणजे सोमवारची वाट बघणं. रात्री अकराला घरी पोहोचलं तरी बॅग उघडून आधी बूट बाहेर काढावेत आणि जुन्या जागी, दाराशी ठेवावेत. दुसऱ्या दिवशी पळायला झालं नाही तरी चालेल, सोसायटीच्या गेटपर्यंत वीस मिनिटं चालून यावं. जुन्या खुणा परत दिसल्या की सवय त्यांना ओळखते.

दिवाळीत दोन-तीन धावा आणि रोज बारा नमस्कार झाले, तर शरीराच्या हिशोबात फारसं काही बुडत नाही. तेवढंही झालं नाही तरी आठवडाभरात जे जातं ते पुढच्या पंधरवड्यात परत मिळवता येतं. पत्त्यांचा डाव, आजीच्या हातचं उटणं आणि भाऊबीजेची ओवाळणी मात्र पुन्हा वर्षभरानंच येते. म्हणून पहाटेचा अर्धा तास आपला ठेवावा आणि बाकीचा दिवस घराला द्यावा. आजीनं "कुठं निघालास?" विचारलं, तर उत्तर आदल्या रात्रीच देऊन ठेवलेलं असावं.